दुधाची प्रत व गोपैदाशीतील आनुवंशिक चिन्हके : पुणे जिल्हा व मावळ

दुधाळ गाईंच्या पैदाशीत दुधाचे प्रमाण व प्रत ठरविणाऱ्या जनुकांचा (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून पुढील पिढीत नेणाऱ्या, गुणसूत्रांवरील घटकांचा) माग लावण्यासाठी ज्या ओळखता येण्याजोग्या खुणा वापरतात, त्यांना आनुवंशिक चिन्हके म्हणतात. रक्तगट, दुधातील एखाद्या प्रथिनाचा विशिष्ट प्रकार किंवा डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) रेणूतील एखाद्या ठिकाणचा फरक यांपैकी कोणतीही गोष्ट चिन्हक ठरू शकते. दुधाची प्रत या संज्ञेत स्निग्धांश, प्रथिने व स्निग्धांशविरहित इतर घन पदार्थ यांचे प्रमाण, तसेच प्रथिनांचे प्रकार यांचा समावेश होतो.

गोपैदाशीतील मूळ अडचण अशी की, वळू दूध देत नाही. परंतु त्याच्या प्रत्येक मुलीतील निम्मी जनुके त्याच्याकडून आलेली असतात. कृत्रिम रेतनामुळे एका वळूच्या मुली हजारोंनी होऊ शकतात. तेव्हा जे गुण वळूच्या ठिकाणी दिसत नाहीत ते कसे ओळखावेत, हा या शास्त्रापुढील प्रश्न होय. चिन्हकांचा इतिहास हा या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे. पुणे जिल्ह्यात तो गोठ्यातील नोंदवहीपासून सुरू होऊन जीनोमच्या (एखाद्या जीवाच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याच्या) वाचनापर्यंत येऊन पोहोचला आहे. मावळासारख्या, एक-दोन गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रदेशात या ज्ञानाचा उपयोग कितपत होतो, यावर त्याचे खरे मोल अवलंबून आहे.

मावळ व तेथील गुरे : पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीच्या माथ्याला लागून मावळ तालुका पसरलेला आहे. इंद्रायणी व पवना या त्यातील प्रमुख नद्या असून वडगाव हे तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळे सु. ६२५ मी. उंचीवर असून तेथे वर्षाला ४,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगाव दाभाडेच्या बाजूस पावसाचे प्रमाण झपाट्याने कमी होते. भात हे मुख्य पीक असल्याने भाताचा पेंढा हाच जनावरांचा मुख्य सुका चारा होय. पावसाळ्यात हिरवे गवत मुबलक मिळते. उन्हाळ्यात मात्र वैरणीची टंचाई भासते.

अशा प्रदेशात गुरांची निवड दुधासाठी झाली नाही. चिखलणीला उपयोगी पडणारा, सततच्या पावसात तग धरणारा व डोंगरउतारावर चरणारा बैल शेतकऱ्यास हवा असे. मावळातील बहुतेक स्थानिक गुरे कोणत्याही नोंदलेल्या जातीत न बसणारी, गावठी म्हणून ओळखली जाणारी आहेत. याच प्रकारच्या पर्जन्यमय हवामानात उत्तरेकडे, नासिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा अकोले तालुका, ठाणे, पालघर व गुजरातमधील डांग या भागांत डांगी ही जात निर्माण झाली. डांगीच्या कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट द्रव्यामुळे तिला पावसाचा त्रास कमी होतो. तिचे खूर काळे व कठीण असतात. जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात खिलार ही शर्यतीस व ओढकामास प्रसिद्ध असलेली जात आढळते. या सर्व गुरांचे दूध थोडे, पण घट्ट असते.

मुंबई व पुणे यांना जोडणारा लोहमार्ग १८६३ मध्ये बोरघाटातून पूर्ण झाला. लोणावळे-खंडाळे ही थंड हवेची ठिकाणे वाढली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत उभी राहिली. त्यामुळे मावळाच्या दोन्ही टोकांना दुधाची मोठी बाजारपेठ तयार झाली. बैलासाठी घडलेली गुरे आणि दूध मागणारी बाजारपेठ यांतील अंतर हीच येथील संकरपैदाशीची पार्श्वभूमी होय. [→ गाय, दुग्धव्यवसाय].

स्निग्धांशमापन व नोंदी : दुधाची प्रत मोजता येऊ लागल्यावरच तिच्यासाठी निवड करणे शक्य झाले. अमेरिकेतील स्टीव्हन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये व स्वित्झर्लंडमधील निक्लाउस गेर्बर यांनी त्यानंतर लवकरच दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या सोप्या पद्धती शोधून काढल्या. सल्फ्यूरिक अम्लाने प्रथिने विरघळवून व केंद्रोत्सारणाने (चक्राकार गतीने) स्निग्धांश वेगळा करून त्याचे प्रमाण नळीवरील खुणांवर वाचता येते. १८९५ मध्ये डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांनी प्रत्येक गाईच्या दुधाची व स्निग्धांशाची नियमित नोंद ठेवणारी पहिली संस्था स्थापन केली.

महाराष्ट्रातील गावोगावच्या संकलन केंद्रांवर ‘फॅट’ व ‘एस.एन.एफ.’ या नावांनी जी मापे घेतली जातात त्यांचे मूळ या पद्धतींत आहे. गाईच्या दुधाचा भाव ठरविताना ३·५ टक्के स्निग्धांश व ८·५ टक्के स्निग्धांशविरहित घन पदार्थ हे प्रमाण राज्यात आधारभूत धरले जाते. याहून कमी भरल्यास भाव उतरतो. मात्र केंद्रावरचे माप बहुधा शेतकऱ्याच्या एकत्र केलेल्या दुधाचे असते. कोणत्या गाईचे दूध कसे होते आणि ती कोणत्या वळूची मुलगी होती, याची नोंद त्यात नसते. भाव देण्यास हे माप पुरते. पैदाशीस ते अपुरे पडते.

जातिपरत्वे स्निग्धांशात मोठा फरक आढळतो. होल्स्टीन फ्रीजियन गाईच्या दुधात तो सु. ३·५ टक्के, जर्सीत पाच टक्क्यांच्या जवळपास, गीरमध्ये सु. ४·५ टक्के, तर मुऱ्हा म्हशीत ७ टक्क्यांच्या आसपास असतो. एकाच जातीतही गाईगाईंत फरक असतो. या फरकापैकी जो भाग आनुवंशिक असतो त्यास आनुवंशक्षमता म्हणतात. दुधाच्या प्रमाणाची आनुवंशक्षमता सर्वसाधारणपणे २५ ते ३० टक्के, तर स्निग्धांशाच्या टक्केवारीची सु. ५० टक्के असते. म्हणजे दुधाच्या प्रमाणापेक्षा दुधाची प्रत निवडीला अधिक लवकर प्रतिसाद देते. तथापि या दोन गुणांचा आनुवंशिक संबंध व्यस्त आहे : केवळ दूध वाढविण्यासाठी निवड केली, तर स्निग्धांशाची टक्केवारी घटत जाते.

पुणे जिल्ह्यातील संकरपैदास : भारतात विदेशी वळूंचा शिस्तबद्ध उपयोग प्रथम लष्करी दुग्धक्षेत्रांत झाला. पहिले लष्करी क्षेत्र १८८९ मध्ये अलाहाबाद (प्रयागराज) येथे स्थापन झाले. मावळापासून जवळ असलेल्या पिंपरी येथेही असे क्षेत्र होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या क्षेत्रांत आयरशर, फ्रीजियन इ. वळूंचा देशी गाईंशी संकर करण्यात आला. पुढे याच कळपांतून फ्रीजवाल (६२·५ टक्के फ्रीजियन व ३७·५ टक्के साहिवाल) हा संकरित प्रकार विकसित करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. लष्करी दुग्धक्षेत्रे २०२१ मध्ये अधिकृतपणे बंद झाली. या क्षेत्रांत प्रत्येक गाईची वंशावळ व दुधाची नोंद ठेवली जाई. तथापि ती सर्व एकाच मालकीची व एकाच व्यवस्थेखालची गुरे होती.

गावातील गाईंपर्यंत सुधारित पैदास नेण्याचे मोठे कार्य जिल्ह्याच्या पूर्व भागात, पुण्यापासून सु. ३० किमी. वरील उरुळी कांचन येथून झाले. महात्मा गांधींनी मार्च १९४६ मध्ये तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला व त्याची धुरा मणिभाई देसाई (१९२०–९३) यांच्याकडे सोपविली. आश्रमाच्या गोशाळेत मणिभाईंनी गीर गाईंचा कळप जोपासला. १९६७ मध्ये त्यांनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन (बायफ) ही संस्था स्थापन केली. विदेशी वळूंचे गोठित रेत शेतकऱ्याच्या दारात पोहोचविणे आणि गावठी गाईपासून संकरित कालवड मिळवून त्या कुटुंबाला उत्पन्नाचे साधन देणे, ही या संस्थेच्या कार्याची दिशा होती. मणिभाईंना १९८२ मध्ये लोकसेवेसाठी रेमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

या कार्याची तांत्रिक पूर्वअट म्हणजे रेत गोठविण्याची पद्धत. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना ग्लिसरॉलच्या साहाय्याने शुक्राणू गोठवूनही जिवंत ठेवता येतात असे आढळले. द्रव नायट्रोजनात साठविलेल्या रेतकांड्या त्यामुळे कित्येक वर्षे व कितीही दूर वापरता येऊ लागल्या. महाराष्ट्रात राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाने गीर २५, होल्स्टीन फ्रीजियन ५० व जर्सी २५ टक्के अशा त्रिसंकरातून फुले त्रिवेणी हा प्रकार तयार केला. दुधाच्या प्रमाणासाठी फ्रीजियन व प्रतीसाठी जर्सी आणि गीर, असा समतोल या रचनेत दिसून येतो. जिल्ह्यातील दूधसंकलनास पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने (कात्रज) संघटित रूप दिले.

संततिपरीक्षण व त्यातील अडचण : वळूची परीक्षा त्याच्या मुलींच्या दुधावरून करण्याच्या पद्धतीस संततिपरीक्षण म्हणतात. वळूचे रेत निरनिराळ्या कळपांत वापरून जन्मलेल्या मुलींचे पहिले वेत (सर्वसाधारणपणे ३०५ दिवसांचे) पूर्ण होईपर्यंत नोंदी घेतात. वळूच्या जन्मापासून हा निकाल हाती येण्यास सहा ते सात वर्षे लागतात. यूरोप-अमेरिकेत शेकडो गाईंच्या कळपांमुळे एकाच गोठ्यात अनेक वळूंच्या मुलींची तुलना करणे सोपे झाले व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तेथील दुग्धोत्पादनाची वाढ बऱ्याच अंशी या पद्धतीमुळे झाली.

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या क्षेत्रीय संततिपरीक्षण प्रकल्पात केरळ व पंजाबमधील विद्यापीठांबरोबरच उरुळी कांचन येथील बायफचाही सहभाग आहे. येथे अडचण निराळी होती. एका वळूच्या मुली पन्नास गावांतील पन्नास गोठ्यांत विखुरलेल्या असतात. प्रत्येक गोठ्यातील चारा, पाणी व निगा वेगळी असते. दर महिन्यास प्रत्येक गोठ्यात जाऊन सकाळ-संध्याकाळचे दूध मोजावे लागते. गाय मध्येच विकली जाते. कालवडीच्या बापाचा क्रमांक विसरला जातो किंवा गावच्या मोकाट वळूमुळे वंशावळ चुकते. चांगल्या गाईचे श्रेय वळूला द्यावे की मालकाच्या निगेला, हे अशा वेळी सांगता येत नाही. आनुवंशिक चिन्हकांचे येथील महत्त्व मुख्यतः या अडचणीतून निर्माण झाले आहे.

रक्तगट व दुधातील प्रथिने : पहिली उपयुक्त चिन्हके म्हणजे रक्तगट होत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९४० नंतरच्या दशकात गाईंचे रक्तगट ओळखण्याचे काम झाले व वासराचा बाप पडताळून पाहण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ लागला. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये ॲशाफेनबर्ग व ड्रूरी यांनी निरनिराळ्या गाईंच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन दोन आनुवंशिक प्रकारांचे असते, असे दाखवून दिले. विद्युत् क्षेत्रात ही प्रथिने निरनिराळ्या वेगाने सरकतात. त्यावरून त्यांचे प्रकार ओळखता येतात. दूध हेच त्यामुळे गाईच्या आनुवंशिक घडणीचे साक्षीदार बनले.

१९६१ मध्ये नीमन-सरेन्सेन व रॉबर्ट्‌सन यांनी रक्तगटांचा दुग्धोत्पादनाशी संबंध लागतो का, हे तपासले. मिळालेले संबंध क्षीण होते. परंतु दूरच्या, न दिसणाऱ्या जनुकाचा माग त्याच्या शेजारच्या दिसणाऱ्या खुणेवरून लावता येईल, ही कल्पना त्यातून दृढ झाली. गुणसूत्रावर जवळजवळ असलेले घटक बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात, हे या कल्पनेचे तत्त्व होय. [→ आनुवंशिकी].

डीएनए चिन्हके : १९८० पासून डीएनए रेणूतील फरकांचाच चिन्हके म्हणून उपयोग करण्याची कल्पना पुढे आली. डीएनएच्या सूक्ष्म नमुन्याच्या असंख्य प्रती काढण्याची पॉलिमरेज शृंखला विक्रिया १९८० नंतरच्या दशकात उपलब्ध झाल्याने केस, रक्त किंवा दुधाच्या थेंबावरूनही परीक्षा करणे शक्य झाले. त्यानंतर डीएनएमधील आखूड, पुनरावृत्त तुकडे (सूक्ष्म-उपग्रह) व पुढे केवळ एका अक्षराचा (न्यूक्लिओटाइडाचा) फरक दाखविणारी चिन्हके वापरात आली. गाईमध्ये गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. दुधाच्या गुणांशी निगडित जनुके कोणत्या गुणसूत्रावर कोठे असावीत, याचे नकाशे १९९० नंतरच्या दशकात तयार होऊ लागले.

स्निग्धांशाचे जनुक : या शोधाचे सर्वांत स्पष्ट फळ चौदाव्या गुणसूत्रावर मिळाले. स्निग्धांश तयार होण्याची अखेरची पायरी घडविणाऱ्या विकराचे (एंझाइमाचे) डीजीएटी-१ हे जनुक तेथे असते. या विकरातील २३२ व्या स्थानी लायसीन किंवा ॲलॅनीन हे ॲमिनो अम्ल असू शकते. बेल्जियममधील ल्येझ विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले की, लायसीन असलेल्या (के) प्रकारामुळे दुधातील स्निग्धांश वाढतो व दुधाचे प्रमाण काहीसे घटते. ॲलॅनीन असलेल्या (ए) प्रकाराचा परिणाम उलट होतो.

के हा मूळ प्रकार असून ए हा यूरोपीय गाईंच्या वंशात नंतर झालेला बदल होय. भारतीय गुरांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तपासलेल्या वशिंडाच्या जातींत व म्हशींत केवळ के प्रकारच आढळला. देशी गाईचे दूध थोडे पण घट्ट असते, या जुन्या अनुभवाचे एक कारण अशा रीतीने रेणूच्या पातळीवर सापडले. होल्स्टीन फ्रीजियन वळूंमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. त्यामुळे पुन्हा पुन्हा फ्रीजियन रेत वापरल्यास संकरित गाईंतील के प्रकाराचे प्रमाण घटत जाते. वळूंची या चिन्हकासाठी परीक्षा केल्यास दूध वाढवितानाच स्निग्धांश राखणारे वळू निवडता येतात. मात्र हे एकच जनुक स्निग्धांशातील संपूर्ण फरकाचे कारण नव्हे. त्यावर इतर अनेक जनुकांचा व आहाराचा प्रभाव असतो.

केसीन व त्याचे प्रकार : गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सु. ८० टक्के प्रथिने केसीन गटातील असतात. या गटातील चारही प्रथिनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांलगत असतात. त्यामुळे ती बहुधा एकत्रच संक्रमित होतात. त्यांपैकी कॅपा-केसीनचा बी प्रकार रेनेटने (वासराच्या जठरातील विकराने) घट्ट होणाऱ्या चीजच्या उत्पादनास अनुकूल असतो. भारतीय गाईंत ए प्रकाराचे प्रमाण अधिक आढळते. पनीर व छन्ना हे पदार्थ उष्णता व अम्ल यांच्या साहाय्याने बनवीत असल्यामुळे यूरोपात मोलाचे ठरलेले हे चिन्हक येथे त्याच प्रमाणात महत्त्वाचे ठरत नाही. प्रत ही दुधाच्या उपयोगावर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.

बीटा-केसीन या २०९ ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाचे प्रकार १९६१ मध्ये ॲशाफेनबर्ग यांनी प्रथम ओळखले. १९६६ मध्ये त्यांपैकी ए प्रकाराचे ए१, ए२ व ए३ असे पोटप्रकार वेगळे करण्यात आले. ए२ मध्ये ६७ व्या स्थानी प्रोलीन, तर ए१ मध्ये हिस्टिडीन असते. डीएनएमधील एका अक्षराच्या बदलाने हा फरक पडतो. ए१ च्या पचनात बीटा-कॅसोमॉर्फिन-७ हा लहान पेप्टाइड सहजपणे सुटा होतो. त्याचा काही विकारांशी संबंध असावा अशी कल्पना पुढे आली. यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन असा कार्यकारणसंबंध प्रस्थापित होत नाही, असा निष्कर्ष काढला.

भारतात कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशी गाईंमध्ये ए२ जनुकाचे प्रमाण ९८ टक्क्यांहून अधिक आढळले. म्हशींमध्ये ए२ हाच प्रकार होता. त्यानंतर पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ‘ए२ दूध’ या नावाने अधिक भावाने दुधाची विक्री होऊ लागली. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनावरील असे दावे काढून टाकण्याचा आदेश दिला व काही दिवसांतच तो मागे घेतला.

या व्यवहारात दोन गोष्टींची सरमिसळ होते. ए२ असणे व देशी असणे या भिन्न बाबी आहेत : अनेक फ्रीजियन व जर्सी गाईंतही ए२ जनुकाची जोडी आढळते, तर क्वचित देशी गाईतही ए१ असू शकतो. रंग, वशिंड किंवा पोळी यांवरून हा प्रकार ओळखता येत नाही; त्यासाठी परीक्षाच करावी लागते. दुसरे असे की, केवळ ए२ जोडी असलेल्या वळूंचे रेत वापरत गेल्यास संकरित गाईंच्या संख्येतही काही पिढ्यांत ए१ चे प्रमाण नगण्य होऊ शकते. त्यासाठी शेतकऱ्याला हाताशी असलेली गाय टाकून देण्याचे कारण नाही.

जीनोमीय निवड : दुधाचे बहुतेक गुण एकदोन मोठ्या जनुकांवर नव्हे, तर अल्प परिणाम करणाऱ्या असंख्य जनुकांवर अवलंबून असतात. त्यामुळे एकेका चिन्हकाच्या मागे जाण्याची पद्धत अपुरी ठरली. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज व गॉडर्ड यांनी असे सुचविले की, संपूर्ण जीनोमवर पसरलेल्या हजारो चिन्हकांचे परिणाम एकाच वेळी अजमावून त्यांच्या बेरजेवरून जनावराची योग्यता ठरवावी. पुढे सु. ५०,००० चिन्हके एकदम वाचणारी पट्टिका (चिप) उपलब्ध झाली आणि २००९ मध्ये गाईचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत होल्स्टीन वळूंचे अधिकृत जीनोमीय मूल्यमापन सुरू झाले. ज्या निकालासाठी पूर्वी सहा-सात वर्षे थांबावे लागे, त्याचा पुरेसा विश्वसनीय अंदाज खोंड जन्मताच करता येऊ लागला.

ही पद्धत जशीच्या तशी भारतात आणता येत नाही. चिन्हक हे मूळ जनुक नसून त्याच्या शेजारची खूण आहे. एका जातीत खूण व जनुक यांची जी जोडी जमलेली असते ती दुसऱ्या जातीत तशीच असेल असे नाही. यूरोपीय जातींवरून निवडलेली अनेक चिन्हके वशिंडाच्या गुरांत फारशी उपयोगी पडत नाहीत. शिवाय तेथील थंड हवामानात व भरपूर खुराकावर उत्तम ठरलेला वळू येथील गोठ्यात उत्तम ठरेलच असे नाही. यासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने भारतीय व संकरित गुरांकरिता इंडसचिप ही पट्टिका तयार केली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी गौचिप या एकत्रित जीनोमीय पट्टिकेचे उद्‌घाटन झाले.

लहान शेतकऱ्यांच्या संदर्भात बायफने ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठातील व अन्य शास्त्रज्ञांच्या सहकार्याने केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. भारतातील लहान गोठ्यांतील संकरित गाईंच्या दुधाच्या नोंदी व त्यांची डीएनए चिन्हके एकत्र अभ्यासून २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. वंशावळ लिहिलेली नसली, तरी चिन्हकांवरून गाईंमधील नाते व त्यांच्यातील विदेशी रक्ताचे प्रमाण काढता येते आणि त्या आधारे जीनोमीय मूल्यमापन शक्य होते, असे त्यातून दिसून आले. ज्या वंशावळीच्या अभावी संततिपरीक्षण अडखळत होते, तीच उणीव चिन्हकांनी बऱ्याच अंशी भरून निघते.

मावळच्या दृष्टीने उपयोग व मर्यादा : मावळात संकरित गाईपुढील पहिला प्रश्न दुधाच्या प्रतीचा नसून टिकण्याचा आहे. दमट हवा, गोचिडांचा उपद्रव व त्यांच्यामार्फत पसरणारा थायलेरियासिस (गोचीड ताप) यांना विदेशी रक्ताचे प्रमाण अधिक असलेल्या गाई लवकर बळी पडतात; सततच्या ओलीमुळे खुरांचे विकारही होतात. संकरित गाईत विदेशी रक्त नेमके किती आहे, हे मालकास बहुधा सांगता येत नाही. चिन्हकांवरून ते काढता येत असल्याने पुढील रेतनासाठी कोणत्या जातीचा वळू वापरावा हे ठरविणे, हा या भागात त्यांचा सर्वांत व्यवहार्य उपयोग होय.

प्रतीच्या बाबतीत आहाराची मर्यादा स्पष्ट आहे. पावसाळ्याच्या आरंभी कोवळ्या, तंतू कमी असलेल्या गवतावर गाय गेली की, दूध वाढते व स्निग्धांश उतरतो. अशा वेळी पेंढा किंवा इतर सुकी वैरण दिल्यास तो सावरतो. नुसत्या पेंढ्यावर असलेल्या गाईचे स्निग्धांशविरहित घन पदार्थही कमी भरतात. उत्तम जनुके असलेली गाय उपाशी गोठ्यात आपले गुण प्रकट करू शकत नाही. चिन्हक गाईची क्षमता सांगते. संकलन केंद्रावरचे माप ती क्षमता व शेतकऱ्याची परिस्थिती या दोहोंचे मिळून असते.

दुसरी मर्यादा नोंदींची आहे. चिन्हकांना अर्थ येतो तो प्रत्यक्ष मोजलेल्या दुधामुळे. ज्या गाईंवरून परिणाम अजमावले जातात त्या संदर्भसमूहात घाटमाथ्यावरील गाई नसतील, तर त्यांच्यासाठी काढलेले अंदाज तितकेसे विश्वसनीय ठरत नाहीत. जनावरांच्या कानांत बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले बसवून त्यांची राष्ट्रीय पातळीवर नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. बिल्ल्याच्या क्रमांकास रेतनाची व दुधाची नोंद जोडली गेली, तर सपाटीवरील मोठ्या गोठ्यांइतकेच डोंगरी वाडीतील एका गाईचे दूधही वळूच्या निवडीत मोजले जाऊ शकेल.

तिसरी बाब स्थानिक गुरांची आहे. पावसात टिकणारी कातडी, कठीण खूर, निकृष्ट वैरणीवर निभाव लागण्याची क्षमता व गोचिडांना होणारा विरोध हे गुण कोणत्या जनुकांवर अवलंबून आहेत, याचे ज्ञान स्निग्धांश व केसीन यांच्या ज्ञानाच्या तुलनेने फार तोकडे आहे. कारण बाजारात त्यांना स्वतंत्र भाव नाही. ट्रॅक्टर व यांत्रिक नांगर यांमुळे बैलाची गरज कमी झाली आणि त्याबरोबर गावठी गाय बाळगण्याचे कारणही उरले नाही. सह्याद्रीच्या पलीकडील कोकणातील लहान चणीच्या गुरांची कोकण कपिला ही जात म्हणून २०१८ मध्ये राष्ट्रीय नोंदणी झाली. नोंदणी झालेल्या जातींचे रेत साठविता येते व त्यांच्या जीनोमचा अभ्यास होऊ शकतो. नोंद नसलेली घाटमाथ्यावरील गुरे मात्र अभ्यास होण्यापूर्वीच संकरात विरून जाण्याचा संभव असतो. डीजीएटी-१ जनुकाचा के प्रकार गावठी गाईत जपला गेला होता, हे त्याचे कार्य उमगण्यापूर्वी कोणास ठाऊक नव्हते. इतर गुणांबाबतही तसे घडू शकते. त्यामुळे संकरपैदाशीबरोबरच निवडक गावठी गुरांचे रेत व डीएनए नमुने जतन करणे, हा चिन्हकांवर आधारलेल्या पैदाशीचाच आवश्यक भाग मानला पाहिजे.